सोमवारचा शिक्का

“आमचे हे शनिवारी सकाळी गेलेले सापडले,” बाई म्हणाल्या. “आणि हा अर्ज त्यांनी ऑफिसात सोमवारी दिलाय.”

त्यांनी चार घड्या पडलेला कागद टेबलावर ठेवला. दूध उतू गेल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज होता. वय साठीचं, साडी नीटनेटकी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. चपलांचं त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

वहिनींनी कागद उचलला. वहिनी म्हणजे त्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या एकमेव खासगी गुप्तहेर. आधी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडत होत्या. त्यांना ‘वहिनी’ म्हणायचा हक्क खरं तर एकट्या भावजींचा, म्हणजे त्यांच्या दिराचा. पण भावजी गाडी चालवायचे, टिपणं घ्यायचे आणि येईल त्याच्यासमोर ‘वहिनी, वहिनी’ करायचे, त्यामुळे सगळ्यांना तीच सवय लागली. भावजींना सगळं समजायचं, फक्त जरा उशिरा.

“शिक्का सोळा तारखेचा. सोमवार,” भावजी खांद्यावरून वाकून म्हणाले. “मग सोमवारी तुमच्या कुणीतरी नेऊन दिला असेल.”

“आणि परत ह्यांच्या खिशात ठेवला?” बाई म्हणाल्या. “हा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. पोलिसांनी कपड्यांचं गाठोडं सील करून दिलं होतं. पाच आठवडे कपाटावर पडून होतं. काल सोडलं.”

भावजींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

हकीकत एवढीच होती. शहर वाढत वाढत या वस्तीच्या उशाशी आलं होतं आणि नगर परिषदेला बाईंच्या गल्लीतून मोठा रस्ता काढायचा होता. हरकती द्यायची शेवटची वेळ शुक्रवार, तेरा तारीख, संध्याकाळी सहा. बाईंचे यजमान त्याच परिषदेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं मोजणीची फीत धरली, म्हणून सगळे त्यांना फीतकाका म्हणत. शुक्रवारी पाच वाजता ते हरकतीचा अर्ज घेऊन घरून निघाले. शनिवारी सकाळी परिषदेच्या इमारतीमागे, नळासाठी खणलेल्या खड्ड्यात सापडले.

वहिनींनी अर्ज मोठ्यांदा वाचला. “मी, घर क्रमांक सदतीस येथे राहणारा. नकाशात रस्त्याची रेघ कोपऱ्यावरच्या जुन्या दगडापासून मोजलेली नाही. ती अकरा फूट आमच्या बाजूला सरकली आहे. मी स्वतः फीत लावून मोजले आहे. फेरमोजणी व्हावी.”

“पण ऑफिसात दुसराच कागद आहे,” बाई म्हणाल्या. “संमतीपत्र. घर पाडायला आमची हरकत नाही म्हणून. खाली ह्यांची सही. शिक्का तेरा तारखेचा.”

“तुम्हाला बोलले होते काही?”

“नाही.”

“परवा सभा आहे ना?”

“गुरुवारी अकराला. मग पुढच्या तीन खोल्या जातील.” बाई म्हणाल्या. “जावई म्हणतो, आई, सोडा आता, आमच्याकडे या. मला घराचं तितकंसं काही वाटेनासं झालंय. मला एकच सांगा. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला न विचारता घर देऊन टाकलं, की नाही टाकलं?”

वहिनींनी डॉक्टरांचा दाखला मागितला. डोक्याला मार, आतल्या आत हळूहळू रक्तस्राव, मृत्यू रात्री दोनच्या सुमारास.

“म्हणून पोलीस म्हणाले, रात्री अंधारात चालताना पडले,” बाई म्हणाल्या. “लोक म्हणाले, घेतली असेल. ह्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही. आणि अंधारात तर हे टॉर्चशिवाय उंबरा ओलांडत नसत, रात्रीचं दिसायचंच नाही. टॉर्च घरी खुंटीला होता. फोनही घरीच.”

“तुम्ही शोधलंत?”

“आठ वाजता मोजणीदाराला फोन केला. तो ह्यांच्याच हाताखाली शिकला, काका-काकू म्हणतो आम्हाला. तो म्हणाला, काका आज इकडे फिरकलेच नाहीत. काळजी करू नका काकू, येतील.”

भावजींनी तिघांसाठी चहा मागवला. बाईंनी तो गार होईपर्यंत हातात धरला आणि तसाच ठेवून दिला.

*

गल्लीत एका बाजूला बैठी घरं होती आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभ्या सिमेंटच्या इमारती. सगळ्यांवर एकाच रंगाची धूळ. बाईंच्या दारावर निळ्या रंगाने ३७ रंगवलेलं होतं. त्याखाली पत्र्याची कोरी करकरीत पाटी ठोकली होती, १२२.

“ही गेल्या आठवड्यात लावून गेले,” बाई म्हणाल्या. “सगळ्या गल्लीचे नंबर बदलले. पोस्टमन रोज विचारतो, नक्की कोण तुम्ही?”

“मोजायला कोण आलं होतं?” वहिनींनी विचारलं.

“कुणीच नाही. तेच तर हे म्हणायचे. मोजल्याशिवाय नकाशा होतो का, म्हणून चिडायचे. मग एक दिवस स्वतःच फीत घेऊन बसले. एक टोक माझ्या हातात दिलं होतं.”

वहिनी कोपऱ्यावरच्या दगडापर्यंत चालत गेल्या. दगडाच्या भोवती गवत वाढलं होतं. त्यांनी घराकडे पाहिलं, पलीकडच्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि गाडीत येऊन बसल्या.

“जावई,” गाडी सुरू करत भावजी म्हणाले. “माझा संशय जावयावर. सासूला घरातून काढायचं आणि वर पुण्यही मिळवायचं.”

“जावई त्या शुक्रवारी कुठे होता?”

“विचारलं मी फोनवर. कारखान्यात रात्रपाळी, हजेरीपट आहे म्हणाला.” भावजी खट्टू झाले. “पण माणसाचा सूर मला आवडला नाही.”

*

नगर परिषदेची इमारत तीनमजली होती आणि तिच्या प्रत्येक जिन्यावर ‘थुंकू नये’ लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला लोखंडी जिना उतरत होता. जिन्याच्या पायथ्याशी खड्डा होता, तो आता बुजवून त्यावर फरशा टाकल्या होत्या. त्यांतल्या दोन आत्ताच हलत होत्या.

हेडक्लार्क म्हणजे उभा-आडवा तिरसट माणूस. त्याने फाइल अशी आपटली की भावजींच्या वहीवर धूळ बसली.

“वाचा,” तो म्हणाला. “हात लावू नका.”

संमतीपत्र टाइप केलेलं होतं. ‘मी, घर क्रमांक १२२ येथे राहणारा, रस्त्यासाठी माझ्या घराचा पुढील भाग देण्यास माझी हरकत नाही.’ खाली लांबट सही. वर गोल शिक्का, तेरा तारीख.

“यावर आवक क्रमांक नाही,” वहिनी म्हणाल्या.

“शेवटच्या दिवशी झुंबड असते. राहिला असेल.”

वहिनींनी आपल्याकडचा अर्ज पुढे केला. “यावरही नाही.”

हेडक्लार्कने तारीख पाहिली. “सोळा. उशिरा आला. उशिरा आलेल्याला केराची टोपली.”

“सोळाला हे गृहस्थ जिवंत नव्हते.”

“ते मला कसं ठाऊक असणार? मी कागद बघतो, माणसं नाही बघत.” तो एकदम चिडला. “आणि मला दोष देऊ नका. या ऑफिसात मला कोण काय सांगतं? गल्लीचे नवे नंबर मोजणी विभागाने आधीच ठरवलेले, आणि यादी माझ्या टेबलावर कधी आली? सत्तावीसला! पाट्या करायला मला पंधराच दिवस. वर नागरिकांच्या शिव्या मी खायच्या.”

“तेराच्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?”

“इथेच, याच खुर्चीत. सहाला घरी गेलो. कुणाला पाहिलं नाही, कुणी मला पाहिलं नाही. लिहून घ्या.”

भावजींनी खरंच लिहून घेतलं, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मोजणीदार त्याच्या उलट होता. चाळिशीचा, मऊ बोलणारा. वहिनींना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

“काकांनी मला हातात फीत धरायला शिकवली,” तो म्हणाला. “खांदा द्यायला मी होतो. काकूंकडे मी दर रविवारी जातो. त्यांना संमतीचं सांगताना माझी जीभ रेटत नव्हती हो. पण काका मला आधी बोलले होते, की देऊन टाकतो म्हणून. काकूंना सांगू नकोस म्हणाले.”

“तुम्हाला दिलं पत्र?”

“छे. कधी दिलं, कुणाला दिलं, मला कल्पना नाही. मी त्या दिवशी साडेपाचनंतरही वरच्या खोलीत रेघा ओढत होतो. सव्वासहाला निघालो.”

“या गल्लीची मोजणीची वही बघायला मिळेल?”

“वहीत काय बघणार? नकाशा आहे ना.” त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. रेघा सुरेख होत्या, प्रत्येक घरात बारीक अक्षरात नवा नंबर.

“सुबक आहे,” वहिनी म्हणाल्या. “हेडक्लार्क मात्र रागावलेत. नंबर त्यांना उशिरा कळले म्हणे.”

तो हसला. “ते नेहमीच रागावलेले असतात. मंजुरी आल्याशिवाय मी यादी कपाटाबाहेर काढत नाही. सत्तावीसला मंजुरी आली, त्याच दिवशी त्यांना दिली. तोवर कुणाला नाही दाखवली, सभापतींनासुद्धा नाही. एकदा बाहेर फुटलं की सगळी गल्ली येऊन डोक्यावर बसते.”

शिपाई जिन्यात भेटला. पावणेसहाला तो पुढचं दार लोटून वर जातो, तिन्ही मजल्यांच्या खिडक्या लावतो आणि सव्वासहापर्यंत खाली येतो. “एकसष्ट खिडक्या आहेत, मॅडम. त्यांतल्या निम्म्या लागत नाहीत. खाली कोण आलं गेलं, मला काय कळणार?”

शेवटी आवकबाई. खिडकीमागे बसून परिषदेत येणारा प्रत्येक कागद घेणं, त्यावर शिक्का मारणं, नंबर घालून सही करणं आणि वहीत चढवणं, एवढंच काम त्या बावीस वर्षं करत होत्या. साडेपाच वाजत आले होते.

“फीतकाकांना मी ओळखत नाही होय?” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी साडेपाचपर्यंत ते माझ्या खिडकीशी आलेच नाहीत. आणि माझ्या हातून गेलेल्या कागदावर नंबर नाही, असं होत नाही. मेले तरी होणार नाही.”

“साडेपाचनंतर कुणी आलं तर?”

“सहापर्यंत जो असेल त्याने घ्यायचं, असा नियम आहे. शिक्का खणात, किल्ली कॅलेंडरच्या मागे. सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणी घेत नाही. सगळे म्हणतात, उद्या या.”

वहिनींनी आवक वही उलटली. सोळा तारखेच्या पानावर पहिल्या सात नोंदींपुढे लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या.

आवकबाईंचा चेहरा पडला. “तेवढं नका बघू. त्या सोमवारी पहिल्या सात कागदांवर तेरा तारीख उठली. आठव्या माणसाने दाखवून दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मेमो मिळाला मला. डोळेही तपासून घेतले. आता वाटतं, थांबावं, झालं पुष्कळ.”

बोलता बोलता त्यांचे हात आवरत होते. शाईची गादी झाकली. टाचणीने शिक्क्यातलं रबराचं चक्र एक घर पुढे सरकवलं. एका कोऱ्या चिठ्ठीवर मारून पाहिलं, चिठ्ठी चुरगळून टाकली. शिक्का खणात, किल्ली कॅलेंडरमागे. पर्स खांद्याला.

“रोज असंच?” वहिनींनी विचारलं.

“काय असंच?” आवकबाई म्हणाल्या. “माझी पाच चाळीसची बस असते.”

त्या गेल्या. वहिनींनी टोपलीतून ती चिठ्ठी उचलली, उलगडून पाहिली आणि पर्समध्ये टाकली.

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, “हेडक्लार्क. शंभर टक्के. ज्याच्या तोंडात गोड शब्द नाही, त्याच्या पोटात काय असेल?”

“भावजी, गोड शब्दांबद्दल आपण परवा बोलू,” वहिनी म्हणाल्या. “उद्या मला त्या डॉक्टरांना भेटायचंय. आणि फौजदारांना.”

*

गुरुवारी दहा वाजता सभागृहात नऊ माणसं होती. सभापतीबाईंनी घड्याळ काढून समोर ठेवलं. “अकराला सभा. तासभर आहे तुमच्याकडे.” फौजदार दाराशी बसले होते. हेडक्लार्क, मोजणीदार, शिपाई आणि आवकबाई एका ओळीत. फीतकाकांच्या पत्नी खिडकीपाशी, हात मांडीवर.

वहिनींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“एकाच माणसाचे दोन कागद. दोन्हींवर आवक क्रमांक नाही. म्हणजे दोन्ही आवकबाईंनी घेतलेले नाहीत, त्यांच्यामागे कुणीतरी शिक्का मारला. मग एकावर तेरा तारीख आणि एकावर सोळा कशी?”

“एक शुक्रवारी, एक सोमवारी,” हेडक्लार्क म्हणाला. “साधी गोष्ट आहे.”

“सोमवारी मारलेला कागद शनिवारी मेलेल्या माणसाच्या खिशात, तोही सील केलेल्या गाठोड्यात. साधी नाही.” वहिनींनी पर्समधून चिठ्ठी काढली. “ही मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तुमच्या टोपलीतून उचलली. भावजी, तारीख वाचा.”

भावजींनी वाचली. “बुधवारची आहे!”

“आवकबाई जाताना दुसऱ्या दिवसाची तारीख लावून जातात. सकाळची रांग खोळंबू नये म्हणून. बरोबर?”

“हो,” आवकबाई गोंधळून म्हणाल्या. “सुरुवातीपासून. त्यात काय विशेष?”

“शुक्रवारनंतरचा कामाचा दिवस कुठला?”

आवकबाईंचा हात तोंडाशी गेला. “सोमवार.”

“म्हणजे शुक्रवारी साडेपाचनंतर हा शिक्का ज्या कागदावर पडेल, त्यावर सोळाच तारीख उठणार. फीतकाका आले ते साडेपाच ते सहाच्या दरम्यान. मुदतीच्या आत. कुणीतरी त्यांच्या अर्जावर शिक्का मारला, एक प्रत ठेवून घेतली, एक त्यांना दिली. अर्ज वेळेत पोचलाय, सभापतीबाई. त्यावरची सोमवारची तारीखच त्याचा पुरावा आहे.”

सभापतीबाईंनी कागद जवळ ओढला.

“आता संमतीपत्र. त्यावर तेरा तारीख. ते साडेपाचच्या आधी शिक्का मारलेलं असेल, तर आवकबाई खिडकीशी होत्या आणि त्यांनी ते पाहिलेलं नाही. नंतर मारलेलं असेल, तर सोळा उठायला हवी होती. म्हणजे कुणीतरी चक्र मागे फिरवलं. फिरवलं याचा पुरावा आहे? आहे. सोमवारचे पहिले सात कागद.”

 मग आवकबाई म्हणाल्या, “म्हणजे मी विसरले नव्हते?”

“नाही. तुम्ही लावलेली तारीख कुणीतरी मागे नेली आणि पुन्हा पुढे आणायला तोच विसरला. मेमो त्याला मिळायला हवा होता.”

आवकबाईंनी रुमाल शोधला.

“चक्र मागे नेणाऱ्याला शिक्का पुढे गेलाय हे कसं कळलं? ऑफिसातल्या कुणालाही या बाईंची सवय माहीत नव्हती, स्वतः त्यांनाही ती सांगण्यासारखी वाटली नाही. ते एकाच प्रकारे कळू शकतं. फीतकाकांनी दाखवून दिलं. तारीख वाचल्याशिवाय ते कागद खिशात घालणारे नव्हते. अरे, यावर सोमवार कसा, मला फसवतोस का, असं ते म्हणाले असणार. म्हणजे ज्याने संमतीपत्र बनवलं, तो त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोललेला शेवटचा माणूस.”

“पण ते तर रात्री दोनला...” फौजदार म्हणाले.

“मेले रात्री दोनला. पडले कधी? टॉर्च घरी होता. ज्यांना अंधारात दिसत नाही असे गृहस्थ टॉर्चशिवाय निघाले, कारण उजेडात परतणार होते. डॉक्टरांनी लिहिलंय, हळूहळू रक्तस्राव. काल मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सात-आठ तास सहज.”

खिडकीपाशी बसलेल्या बाई हलल्या नाहीत.

“सहाच्या आसपास इमारतीत तिघंच होते,” वहिनी पुढे म्हणाल्या. “शिपाई वर, एकसष्ट खिडक्यांपाशी. राहिले हेडक्लार्क आणि मोजणीदार.”

भावजींनी हेडक्लार्ककडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“फीतकाकांच्या अर्जात घर क्रमांक सदतीस. त्यांचा, त्यांच्या दाराचा, बेचाळीस वर्षांचा नंबर. त्याच दिवशीच्या संमतीपत्रात एकशे बावीस. हा नंबर तेरा तारखेला कुठे होता? दारावर नव्हता, पाटी गेल्या आठवड्यात लागली. हेडक्लार्कच्या टेबलावर नव्हता, यादी सत्तावीसला आली.” वहिनी वळल्या. “मोजणीदारसाहेब, तो फक्त तुमच्या कपाटात होता. सभापतींनाही दाखवला नाही, असं तुम्हीच मला म्हणालात.”

मोजणीदाराने खुर्ची किंचित मागे सरकवली.

“तुम्ही ते घर कागदावरच पाहत होतात, म्हणून बोटांना कागदावरचा नंबर आला. गल्लीत एकदा जरी गेला असतात, तर दारावरचे सदतीस दिसले असते.”

“दर रविवारी जातो मी,” तो पुटपुटला.

“चहा प्यायला. मोजायला नाही गेलात. मोजणीची वही तुमच्याकडे नाहीच. जुन्या नकाशावरून नवा काढलात, दगड कुठला धरायचा ते चुकलं. अकरा फूट. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या की एखादी राहतेच. तेवढं कबूल केलं असतं, तर फार तर बढती गेली असती.”

तो नकाशा लावायच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. मग एकदम बोलायला लागला. आवाज तसाच मऊ.

“मी शिक्का मारला तो त्यांना वाटेला लावायला. ऑफिसची प्रत नंतर फाडणार होतो. ते मागच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. तारीख बदलून दे म्हणाले. मग म्हणाले, तू मोजलंच नाहीस ना रे? मी तुला असं शिकवलं होतं? दंड धरला माझा. मी हात झटकला. एवढंच. एवढंच केलं मी.”

“आणि मग?”

“खाली आवाज झाला. मी कठड्यावरून पाहिलं. हलत नव्हते. मला वाटलं, गेले.”

“खाली उतरलात?”

त्याने मान खाली घातली.

“दहा पायऱ्या आहेत,” वहिनी म्हणाल्या. “मोजायला उतरला नाहीत, बघायलाही उतरला नाहीत. वर जाऊन पत्र टाइप केलंत, जुन्या मोजणीवह्यांतली त्यांची सही बघून सही केलीत, चक्र मागे फिरवलंत. खिशातल्या कागदाची काळजी केली नाहीत, कारण त्यावर सोमवार होता, उशिराचा अर्ज. सोमवार उजाडायच्या आत ते सापडतील आणि तो कागद सील होईल, हे सुचलं नाही.”

फौजदार उठले. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या बाई बोलल्या.

“मी आठ वाजता फोन केला होता.”

मोजणीदाराने मान वर केली नाही.

“तेव्हा हे जिवंत होते?”

“काकू, मला खरंच वाटलं होतं की...”

“मी तुला विचारत नाहीये,” बाई म्हणाल्या. “ह्यांना विचारतेय.” त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

“होते,” वहिनी म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. अकरा वाजले होते. सभापतीबाईंनी घड्याळ उलटं करून ठेवलं, रस्त्याचा विषय फेरमोजणीपर्यंत तहकूब केला आणि आवकबाईंना अर्ज वहीत चढवायला सांगितला. आवकबाईंनी वही उघडली, सुवाच्य अक्षरात नंबर घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा मागची तारीख नोंदवली. हेडक्लार्कने पाण्याचा पेला भरून बाईंसमोर ठेवला आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेला.

*

परत जाताना बाई गाडीत मागे बसल्या होत्या. भावजींना हेडक्लार्कबद्दल वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी बाई म्हणाल्या, “इथेच थांबवा. चालत जाईन.”

“घर राहील तुमचं,” भावजी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

“हो.” बाई उतरल्या, दार धरून उभ्या राहिल्या. “त्या संमतीपत्राचं कळलं, तेव्हा दहावा दिवस होता. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी अबोला धरलाय. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. ताटात दोन घास काढून ठेवत होते, ते बंद केलं. मनातल्या मनातसुद्धा हाक मारली नाही. महिना झाला. मेलेल्या माणसाशी कुणी असं करतं का हो?”

वहिनींनी आपल्या बाजूचं दार उघडलं. 

“ते तिकडे पडले होते,” बाई म्हणाल्या, “आणि मी इकडे भाजी गरम करत होते. आणि नंतर मी बोलतही नव्हते.”

त्यांचा आवाज अजून तसाच होता, सपाट. 

“मी येऊ सोबत?” वहिनींनी विचारलं.

“नको. तुम्ही जा.” बाईंनी पदर सारखा केला. “मला आधी त्यांची समजूत काढायचीय. लवकर निघत नाही ह्यांचा राग.”

त्या गल्लीत शिरल्या. पायांत आज एकाच जोडीच्या चपला होत्या, हे भावजींच्या लक्षात आलं. बाईंनी कुलूप काढलं. दार पुरतं उघडायच्या आतच त्यांची हाक ऐकू आली.

“अहो, ऐकलंत का?”

वहिनी म्हणाल्या, “चला भावजी,” आणि भावजींनी गाडी आवाज न करता मागे घेतली.